टोमॅटो गोड झाला

जव्हार, १७ जानेवारी

प्रिय शरू,

रविवारी चॅपलची घंटा होऊन गेली की आपण दोघी वसतिगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. आईने एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेली पिशवी तुझ्या मांडीवर. तू टोमॅटो दातांनी फोडायचीस, मी कागदाच्या पुडीतलं मीठ त्यावर भुरभुरायचे. पहिला घास तोंडात गेला की आंबटपणाने तुझा डावा डोळा मिटायचा. डावाच. सिस्टर बर्नडेट वरच्या खिडकीतून बघायच्या आणि त्यांना वाटायचं तू मला डोळा मारते आहेस. एकदा त्यांनी तुला त्याबद्दल उभं केलं होतं. खरं कारण सांगितलं असतं तर पिशवी गेली असती, म्हणून तू निमूट उभी राहिलीस.

इतक्या वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवात टोमॅटोपासून, म्हणून हसू नकोस. कामही टोमॅटोचंच आहे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आपल्या ओसरीवर परसातल्या टोमॅटोंची चाखणी असते, ती आईने सुरू केलेली, अजून चालू आहे. तेव्हा शेजारची दोन-तीन घरं यायची. आता निम्मी आळी येते. जो तो आपल्या परसातले टोमॅटो आणतो, मी ते चिरून ताटल्यांत मांडते, नाव ताटलीखाली चिठ्ठीवर. मीठ एकाच वाटीत सगळ्यांसाठी. शेवटी निकाल मी सांगते. आई होती तोवर ती सांगायची.

यंदाही सगळे आले. हेमराजभाऊ एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले तेव्हापासून टोमॅटोचं सर्व्हिसिंग करतात. त्यांचा संकरित. एकसारखा, घट्ट, सालीला चकाकी. ते म्हणाले, आठवडाभर टोपलीत राहिला तरी मऊ पडत नाही. त्यावर सुनिता म्हणाली, "भाऊ, हा खाली पडला तर फरशी फुटली का ते बघायला लागेल." सुनिता म्हणजे आपल्या मागच्या घरात राहते ती, आदिवासी प्रकल्प कार्यालयात नोकरीला आहे. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत चेरी टोमॅटो लावते. इवलेसे, गोड, मुलं खिसे भरून नेतात. आणखी कोणीतरी लांबट रोमा आणले होते. आमटीला दाट, पण कच्चा खाल्ला तर ओला कापूस.

आणि आईचा. बसका, खाचाखाचांचा, देठाशी हिरवाच राहणारा, पिकला की तडकणारा. दिसण्यात दरवर्षी शेवटचा आणि आंबटात पहिला.

सुनिताने त्याची फोड खाल्ली आणि म्हणाली, "काकू, यंदा तुमचा टोमॅटो किती गोड झालाय. जिंकलात की."

बाकीच्यांनीही एकेक फोड खाल्ली. सगळ्यांनी माना डोलावल्या. हेमराजभाऊंनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मी हसले आणि ताटल्या उचलायला लागले.

आईचा टोमॅटो गोड झाला, शरू. म्हणजे तो आईचा राहिला नाही.

कसं झालं तेही कळलं. दोन वर्षांपूर्वी सुनिताने दिलेली चेरीची रोपं मी त्याच वाफ्यात लावली. जागा रिकामी होती, एवढंच. या जुन्या जातीच्या फुलाचं टोक पाकळ्यांबाहेर डोकावतं, तिथे मधमाश्यांनी आपलं काम केलं. रूप आईचं राहिलं आणि आत भलताच रस आला. बी धरताना मी चाखून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात माझ्या नाशिकला दातांसाठी फेऱ्या चालू होत्या, त्यामुळे खाण्याचं जरा अवघड होतं.

तुझ्या लग्नानंतर आईने तुला या टोमॅटोची एक कुंडी दिली होती. त्यातलं बी तू कधी धरलं होतंस का? पुडीत, डबीत, जुन्या पर्समध्ये, कुठेही असेल. कोरडं राहिलं असेल तर अजून उगवेल.

फोन करू नकोस. फोनवर बोलणं मला हल्ली जमत नाही. दोन ओळी लिही.

तुझी,
ताई


जव्हार, ४ फेब्रुवारी

प्रिय शरू,

पत्र पोचल्याचं परागने कळवलं. त्याचा मेसेज असा होता: "मावशी, आईने वाचलं. काही बोलली नाही, पण आज भांडी फार जोरात घासली." तुझा मुलगा तुझ्यावर गेलेला नाही. त्याला गप्प राहता येत नाही.

तू लिहिलं नाहीस, ठीक आहे. मी मात्र मागच्या पत्रात अर्धंच लिहिलं होतं.

दातांचं काम नव्हतं. जिभेला गाठ होती. ती काढली, जिभेचा तुकडा गेला, मग किरणांचे शेक दिले. त्यासाठी नाशिकच्या फेऱ्या. हॉस्पिटलला जाणारी रिक्षा तुझ्या घरावरून जायची. गॅलरीत तुझ्या साड्या वाळत असायच्या. जांभळी अजून नेसतेस, बघून बरं वाटलं. सुनिता बरोबर असायची. एकदा ती म्हणाली, काकू, थांबायचं का? मी मानेनेच नको म्हटलं. थांबले असते तर तू "मुंबई" म्हणाली असतीस, आणि आपण दोघी पुन्हा आईच्या खाटेशी उभ्या राहिलो असतो.

तो दिवस मी उगाळत नाही. तू आईला उपचारांसाठी मुंबईला न्यायला गाडी घेऊन आली होतीस. आई म्हणाली, मला माझ्या घरातून हलवू नका. मी आईच्या बाजूने उभी राहिले. तेराव्याला तू म्हणालीस, "ताई, तू तिला या डोंगरावर मारलंस." त्यानंतर तू या घाटात पाऊल टाकलं नाहीस. मला आजही वाटतं की आईचं ऐकलं ते बरोबर केलं. आणि तुझ्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते, असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं. दमायला होतं.

तर आता जीभ. बोलणं जड झालंय. अनोळखी माणसाला माझं निम्मं कळत नाही. आणि चव गेली. डॉक्टर म्हणतात येईल कदाचित, सांगता येत नाही. वरण आणि पाणी सारखंच लागतं. चाखणीच्या दिवशी मी प्रत्येक फोड तोंडात घेतली, चावली, गिळली आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत बसले आणि त्यावरून निकाल दिला. फसवणूकच म्हणायची. पण त्यांना सांगून टाकलं असतं तर चाखणी तिथेच थांबली असती, सगळे माझ्या भोवती गोळा झाले असते, आणि ते मला नको होतं.

परवा मी सुनिताला घेऊन एसटीने खोडाळ्याला गेले. ठकी आठवते? आईच्या हाताखाली होती, आपल्याकडे भात कांडायला यायची. आई तिला दर पावसाळ्यानंतर टोमॅटोची रोपं द्यायची. मला वाटलं, एखादं झाड तिच्याकडे तग धरून असेल.

आहे. न्हाणीचं पाणी जिथे वाहून जातं तिथे, भिंतीच्या कडेला. ठकी म्हणाली ती लावत नाही, पडलेल्या फळातून आपोआप उगवतात, दरवर्षी. आसपास दुसरा कुठलाच टोमॅटो नाही. बसके, खाचांचे, तडकलेले. मी हातात घेतला आणि मला आईचा परस दिसला.

पण दिसण्याने तर मी एकदा फसलेच आहे. सुनिताला एक फळ खायला लावलं. विचारलं, आंबट आहे का? म्हणाली, आहे. कसा आंबट? तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "काकू, टोमॅटोसारखा."

काय करणार. तिने आईचा कधी खाल्लाच नाही. ती इथे बदलून आली तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. हेमराजभाऊ तंबाखू खातात, त्यांच्या जिभेचा भरवसा नाही. ठकीला विचारलं तर ती म्हणते, टमाटा तो टमाटा, सुकटीत टाकायचा. ही चव ओळखेल असं माणूस आता तू एकटीच आहेस.

ठकीने माझ्यासमोर लुगड्याची चिंधी फाडली आणि पिकत आलेल्या फळांच्या देठांना बांधली. चिंधी बांधलेलं फळ बियाण्याचं. मग त्याला घरातलंही कोणी हात लावत नाही. तिथली रीतच आहे ती, काकडी असो की भोपळा. पूर्ण पिकू देते आणि मग कळवते, म्हणाली. पण तीही आता इथे फार दिवस नाही. मुलगा-सून दिवाळीपासून भिवंडीकडे वीटभट्टीवर आहेत, सुनेचं बाळंतपण तिथेच होणार, म्हणून म्हातारी निघाली आहे. पावसाच्या तोंडावर परत येईल.

तिच्या चहाबरोबर बेकरीतलं कडक बटर होतं. मला गिळता आलं नाही. ठकी बघत होती.

शरू, ठकी जायच्या आत ये. घरी यायचं नसेल तर नको येऊस, नाशिकहून खोडाळ्याला परस्पर जा. एक फळ खा आणि सुनिताला फक्त हो की नाही ते सांग. माझ्याशी बोलायलाही नको.

ताई


जव्हार, १६ फेब्रुवारी

प्रिय शरू,

तू आली नाहीस, पण ठकी आली.

काल सकाळी दारात उभी. डोक्यावर फडक्यात बांधलेला डबा, खोडाळ्याहून पहिल्या गाडीने आलेली. आत येऊन तिने स्वतःच ताट घेतलं, नाचणीची भाकरी कुस्करली, त्यावर डब्यातलं कालवण ओतलं आणि माझ्यापुढे ठेवलं. सुकट घातलेलं, लालभडक. "बाई, खावा," म्हणाली. मी म्हटलं, मला काही लागत नाही गं ठकी. ती म्हणाली, "तोंड बिघाडलं की आंबट खायाचा. आमचे बायांना तापातून उठल्या की हेच देतात."

तिचं मन मोडवेना म्हणून एक घास घेतला.

आग लागली. जिभेच्या शिवणीवरून कानापर्यंत. चव नाही, चव अजिबात नाही, नुसती आग. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि त्या पाण्यातच माझ्या लक्षात आलं की चाखणीला मी गोड झालेला आमचा खाल्ला, चेरी खाल्ला, हेमराजभाऊंचा तो लोखंडी खाल्ला, त्यातला एकही असा चावला नव्हता. आंबट चावतं, गोड चावत नाही. माझ्या तोंडाला एवढं तरी अजून कळतं.

ठकीला वाटलं मी सुखाने रडते आहे. "चव आली ना?" असं तिने विचारलं. मी मान डोलावली आणि दुसरा घास घेतला. तिसराही. ताट संपवलं, शरू. कित्येक महिन्यांत मी ताट संपवलं नव्हतं.

मग पाणी पिऊन विचारलं, ठकी, चिंध्या बांधलेली फळं पिकली का?

तिने डब्याकडे बोट दाखवलं.

पिकलेली तेवढीच होती. बाकी सगळी हिरवी. आजारी माणसाला हिरवी कशी घालायची, म्हणून तिने चिंध्या सोडल्या आणि तीच शिजवली. बियाण्याची फळं, जी तिच्या घरात पोटचं पोरही तोडत नाही. तिला माझा चेहरा कळला. ती शांतपणे म्हणाली, "बी काय, झाडाला परत येल. बाईचं तोंड गेलं तं कुठून आणायचं?"

मला हसू आलं. हसताना पुन्हा जीभ दुखली. आईला हे सांगता आलं असतं तर आई आधी ठकीला रागावली असती आणि मग तिच्या डब्यात गूळ बांधून दिला असता. रागावणं मला जमलं नाही. गूळ दिला.

ती आज पहाटेच्या गाडीने भिवंडीला गेली. झाडांवर हिरवी फळं आहेत. घरी तिचा नवरा तुका आणि शेळ्या. शेळ्यांना टोमॅटोचा पाला वर्ज्य असतो असं म्हणतात, पण ते शेळ्यांना कोणी सांगितलेलं नाही.

आणखी एक, ते शेवटी लिहिते आहे म्हणून लहान समजू नकोस. गेल्या आठवड्यात नाशिकला तपासणीला गेले होते. शिवणीच्या कडेला पुन्हा काहीतरी आहे. डॉक्टर म्हणाले, आता हे इथे होणार नाही, मुंबईला जा. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मी नाही म्हणून आले. गाडीतून उतरताना सुनिता म्हणाली, "तुमच्या बहिणीला मी कळवणार आहे, मग तुम्ही मला काहीही म्हणा."

तिने कळवायच्या आत मीच कळवते आहे. मनाई करायला नाही. तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून.

ताई


जव्हार, २५ फेब्रुवारी

प्रिय शरू,

तुझं कार्ड मिळालं. ओसरीवर उभ्यानेच वाचलं.

"बी नाही. कुंडी घर बदलताना फुटली. पराग गाडी घेऊन शनिवारी येईल, मी बरोबर असेन. या वेळी नाही म्हणू नकोस."

अक्षर अजून तसंच, सिस्टरांनी पट्टीने घोटून घेतलेलं. "या वेळी" खाली रेघ मारलीस ती मी बघितली.

नाही म्हणत नाही. आईच्या वेळी मी नाही म्हणाले कारण आई म्हणत होती, आणि तिच्यामागे उभं राहायला मी होते. माझ्यामागे उभं राहून नाही म्हणणारं कोणी नाही, आणि एकटीने नाही म्हणत राहायलाही बळ लागतं. ते माझ्यात उरलेलं नाही. मी दमले आहे, शरू. तू ने. जिथे म्हणशील तिथे ने. आई चुकली होती असं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. गाडीत त्यावर बोलायचं नाही, एवढंच कबूल कर.

मुंबईत किती दिवस जातील, पुढे काय, ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते. शनिवारी मला बोलून सांगता येणार नाही. सकाळी जरा शब्द फुटतात, दुपारनंतर तेही नाही.

ठकीच्या झाडांवरची फळं होळीपर्यंत पिकतील. तुकाने शेजाऱ्याच्या फोनवरून सुनिताला विचारलं, बाईला काय पाहिजे, शेळ्या राखू की टमाटे. सुनिता म्हणाली दोन्ही. दुसऱ्या दिवशी त्याने झाडांना काट्यांचं कुंपण घातल्याचं कळवलं. न्हाणीचं पाणी तिकडेच जातं, पण तो एकटा माणूस, आंघोळी किती करणार. म्हणून रोज एक घागर वेगळी घालायला सांगितली आहे.

होळीनंतर तू खोडाळ्याला जाऊन ये. मला हॉस्पिटलात एक दिवस सोडून जाता येईल, पराग बसेल. प्रत्येक झाडाचं एकेक फळ चाख. मला चावलं म्हणून मी आईचाच म्हणते आहे, पण माझी परीक्षा आगीची आहे, तुझी चवीची. तुला जो पटेल त्याच झाडाची पिकली फळं घे. गर पाण्यात पिळ, दोन-तीन दिवस पेल्यात तसाच ठेव, वर साय धरली की धुऊन ताटलीत वाळव. कागदावर वाळवू नकोस, चिकटतं. एकाही झाडाचा पटला नाही, तर तसं मला स्पष्ट सांग. "हाच आहे ताई" असं माझी समजूत घालायला म्हणू नकोस. मला तुझा चेहरा वाचता येतो.

पटला, तर पहिलं बी ठकीला. ती पावसाच्या तोंडावर येईल तेव्हा राखेत घोळून दे, पुडीत नको. पुडी तिच्याकडे उंदीर खातात. शिजवलेल्या फळांबद्दल तिला कोणी काही बोलायचं नाही. सुनितानेही नाही.

दुसरं सुनिताला. तिला गोडच आवडतो, तरी दे. चेरीपासून लांब, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला लाव म्हणावं, आणि फुलोऱ्यावर मलमलचं फडकं बांध. माझी जुनी साडी कपाटात खाली आहे, ती फाड म्हणावं.

वाफ्यातल्या गोड झालेल्या टोमॅटोचं बी मी स्वयंपाकघरातल्या बरणीत ठेवलं आहे. ते टाकू नका. तो दिसायला आईच्या टोमॅटोसारखा आणि चवीला सगळ्यांना आवडणारा, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष. ते हेमराजभाऊंना दे. चाखणीच्या ताटल्या आणि मिठाची वाटीही त्यांनाच. पुढची चाखणी त्यांच्या अंगणात होऊ दे. निकाल मात्र सुनिता सांगेल, त्या दिवशी ते तंबाखू सोडणार असले तरी.

तुकाला साखर-चहाची पुडी, त्याच्या घागरींबद्दल.

तुला बी नको. बी तू कपाटात ठेवशील आणि विसरशील. तुला रोप. ठकीच्या परसात पाऊस सुरू झाल्यावर आपोआप उगवतील, त्यातलं एक मुळाच्या मातीसकट घेऊन ये आणि गॅलरीत लाव, साड्या वाळतात त्या कोपऱ्यात ऊन येतं.

माझ्यासाठी वेगळं काही काढून ठेवू नकोस. मी परत आले तर तुझ्याकडेच मागेन. दारात उभी राहून मागेन, आणि तू लगेच आणून देऊ नकोस. आधी आत बोलाव.

ताई